खरखर पुसणारा माणूस

वळवाचा पाऊस यायचा असला की ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना त्याची वर्दी आधी रेडिओतून मिळायची. दूर कुठेतरी वीज चमकायची आणि बातम्या सांगणाऱ्याचा आवाज कढईत फोडणी पडावी तसा तडतडून जायचा. कोणी उठून एरियलची तार हलवायचे, कोणी रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचे. पण दोष तारेचा नव्हता आणि रेडिओचाही नव्हता. आभाळातली वीज आणि केंद्रावरून आलेले गाणे यांतला फरक त्या यंत्राला कळतच नव्हता.

आज एफएमवर गाणे ऐकताना बाहेर कितीही कडकडाट झाला तरी सुराला सहसा धक्का लागत नाही. आपल्याकडे आकाशवाणीने १९७७ मध्ये मद्रासला एफएमची सुरुवात केली आणि १९९३ नंतर मुंबईकरांच्या कानाला त्याची खरी सवय लागली. ही दोन अक्षरे आता पोराटोरांच्याही तोंडी आहेत. मात्र ज्या माणसाने ही खरखर पुसून काढली, त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे ते नाव. प्रयोगशाळेत हा माणूस एकापाठोपाठ एक लढाया जिंकत गेला. तसाच विजय कचेरीतही मिळेल, या विश्वासाने तो तिथे उभा राहिला आणि त्या विश्वासानेच त्याचा घात केला.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत नोकरीला, आई शिक्षिका. लहानपणी त्याला एक आजार झाला. हातपाय आपोआप झटके देत. दोन वर्षे शाळा बुडाली. दुखणे गेले, पण खांद्याचा आणि चेहऱ्याचा एक हलका झटका जन्मभर राहिला. मनावर ताण आला की तो वाढायचा. खोलीत एकटे बसून यंत्रे उघडण्याची आणि जोडण्याची आवड याच काळात लागली असावी.

पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. तिथे माळ्यावरची खोली त्याची प्रयोगशाळा झाली. मार्कोनीच्या बिनतारी संदेशांच्या गोष्टी वाचून या मुलाने ठरवून टाकले होते की आपणही शोधक व्हायचे. घरामागच्या अंगणात त्याने सुमारे १२५ फूट उंचीचा डोलकाठीसारखा खांब उभारला आणि दोराच्या खुर्चीत बसून स्वतःच त्याच्या टोकापर्यंत जाऊ लागला. उंचीचे भय त्याला कधी वाटलेच नाही. शेजारी मात्र खाली उभे राहून श्वास रोखून पाहत असत.

तांबड्या मोटरसायकलवरून तो कोलंबिया विद्यापीठात शिकायला जाऊ लागला. तिथले काही प्राध्यापक त्याच्यावर नाराज असत, कारण पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे, हे त्याला पटत नसे. हाताने जोडून पाहावे, मापून पाहावे आणि मगच मान डोलवावी, असा त्याचा खाक्या. त्या वेळी ऑडिऑन नावाची एक काचेची नळी बाजारात होती. ली डी फॉरेस्टने ती १९०६ मध्ये तयार केली होती, पण आत नेमके काय घडते हे खुद्द त्यालाही नीट सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँगने ती मापून काढली. नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा थोडा भाग पुन्हा तिच्याच तोंडाशी आणून दिला तर क्षीण संकेत शेकडो पटींनी बळावतो, हे त्याला १९१२ मध्ये दिसले. मर्यादेबाहेर परत दिला, तर नळी स्वतःच लहरी निर्माण करू लागते. म्हणजे एकाच सर्किटातून जगाला उत्तम ग्राहक मिळाला आणि प्रक्षेपकही मिळाला.

पेटंटासाठी वडिलांकडे पैसे मागितले, तर त्यांनी आधी परीक्षा दे म्हणून सांगितले. तेव्हा सर्किटाची आकृती काढून तिच्यावर ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीची सही घेऊन ठेवण्यात आली. पेटंटाचा अर्ज त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये गेला. पुढच्याच वर्षी, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, न्यू जर्सीतल्या बेलमार येथे एका झोपडीवजा खोलीत रात्रभर बसून त्याने मार्कोनी कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याला दूरदेशीचे संदेश ऐकवले. या तरुणाचे नाव डेव्हिड सारनॉफ. रशियातून आलेल्या गरीब ज्यू घरातला, रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून वाढलेला. त्या रात्री दोघांची गट्टी जमली. एकाला यंत्र कळत होते आणि दुसऱ्याला बाजार.

डी फॉरेस्टने मात्र हा शोध आपलाच असल्याचा दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत आधी आर्मस्ट्राँग जिंकला. डी फॉरेस्टची बाजू पार खचली होती. दाव्याचा खर्च सोडून दिला असता तर प्रकरण तिथेच मिटले असते. आर्मस्ट्राँगने खर्च सोडायला नकार दिला. एवढेच नव्हे, तर आपल्या पेटंटाचा क्रमांक लिहिलेला झेंडा याँकर्सच्या खांबावर फडकवला. अंतिम हुकूम लांबला, डी फॉरेस्टला उसंत मिळाली आणि फासे उलटले. १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. वीस वर्षांचा दावा असा संपला. सर्किट जाणणाऱ्या बहुतेक अभियंत्यांना हा निकाल मुळातच चुकलेला वाटला.

१९३४ मध्ये फिलाडेल्फियाला रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे अधिवेशन भरले. याच शोधासाठी संस्थेने आपले पहिले मानाचे पदक आर्मस्ट्राँगला दिले होते. न्यायालयाने शोध आपला नाही म्हटल्यावर पदक ठेवणे बरे नव्हे, म्हणून तो ते परत करायला आला. संस्थेने ते घेतले नाही. उलट पदकाचा पुन्हा एकवार जाहीर पुरस्कार केला आणि सारी सभा उठून उभी राहिली. जाणत्यांच्या सभेत तो जिंकला होता. त्याला मात्र ते पुरेसे वाटले नाही, आणि इथेच त्याच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे.

मधल्या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागात अधिकारी म्हणून पॅरिसला असताना, १९१८ मध्ये, त्याने सुपरहेटरोडाइन ग्राहक रचला. बाहेरून येणारी लहर कोणत्याही वारंवारतेची असो, यंत्रातच तयार केलेल्या दुसऱ्या लहरीशी तिची गाठ घालायची आणि दोहोंच्या फरकाची एक ठरावीक वारंवारता काढून तिच्यावर सारी मशागत करायची, अशी ही युक्ती. आपल्या घरातले जुने व्हॉल्व्हचे रेडिओ, नंतरचे ट्रान्झिस्टर, दूरचित्रवाणी आणि रडार या साऱ्यांनी ती वापरली. पेटंटांच्या विक्रीतून तो श्रीमंत झाला. १९२२ मध्ये आणखी एका शोधासाठी आरसीए या बलाढ्य कंपनीने त्याला दोन लाख डॉलर आणि ६०,००० शेअर दिले. सारनॉफ आता त्याच कंपनीत वर चढत होता. कंपनीत येता-जाता आर्मस्ट्राँगची नजर सारनॉफच्या सेक्रेटरीवर, मॅरियन मॅकिनिसवर पडली. तिच्यावर छाप पाडण्यासाठी तो आरसीएच्या न्यूयॉर्कमधल्या मनोऱ्याच्या टोकावर चढला आणि फोटो काढून घेतले. सारनॉफ संतापला. मॅरियनने मात्र १९२३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्याशी लग्न केले. लग्नाची भेट म्हणून तिला त्याने सुपरहेटरोडाइन जातीचा हातात नेता येणारा रेडिओ करून दिला. आजच्या प्रवासी पेटीइतके त्याचे आकारमान होते.

सारनॉफला एक खंत होती. रेडिओतली खरखर पुसणारी छोटी डबी कोणीतरी करून द्यावी, असे तो म्हणत असे. आर्मस्ट्राँग त्या कामाला लागला.

खरखर का येते? जुन्या पद्धतीत, म्हणजे एएममध्ये, आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त केली जाते आणि ग्राहक ती उंची मोजून आवाज परत काढतो. आभाळातली वीजही लहरीच्या उंचीतच भर घालते. उंची मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच. अभियंत्यांनी यावर एकच उपाय ठरवला होता, तो म्हणजे दार अरुंद करायचे. लहरींना जाऊ देणारा पट्टा जितका अरुंद, तितकी खरखर कमी आत येणार. लहरीची उंची तशीच ठेवून तिची वारंवारता बदलायची, ही कल्पनाही जुनीच होती. पण त्यांनी ती अरुंद दारातूनच तपासली. एटी अँड टीच्या जॉन कार्सन या गणितीने १९२२ मध्ये दाखवून दिले की असे करण्यात काही लाभ नाही. हे गणित चोख होते आणि विषय तिथेच बंद पडला.

आर्मस्ट्राँगने उलटे केले. त्याने दार सताड उघडले. आवाजाबरोबर लहरीची वारंवारता थोडीथोडकी नव्हे, तर मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना भरपूर हलवायची. पुढे ठरलेल्या मापाप्रमाणे हे अंतर दोन्हीकडे सेकंदाला ७५,००० आवर्तने इतके आहे. विजेची लहर वारंवारतेलाही जरासा धक्का देते, पण एवढ्या मोठ्या हालचालीपुढे तो धक्का नगण्य ठरतो.

मग प्रश्न राहिला ग्राहकाचा. उंचीकडे पाठ फिरवून फक्त वारंवारतेतला बदल ओळखणारे सर्किट कसे करायचे? त्याने ते दोन पायऱ्यांत केले. धान्य मापताना मापावरची शीग हाताने पुसून माप सपाट करतात, तशी पहिली पायरी, लिमिटर. लहरीच्या डोक्यावर विजेने चढवलेली सारी शीग इथे उतरते आणि सर्व लहरी एका उंचीच्या होतात. दुसरी पायरी डिस्क्रिमिनेटरची. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर जोडले की त्या जोडीची एक स्वतःची वारंवारता असते, जशी प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते. लयीत धक्का बसला तर झोपाळा उंच जातो, लय चुकली तर मंदावतो. आर्मस्ट्राँगने अशा दोन जोड्या घेतल्या. एक मधल्या वारंवारतेच्या जरा वर जुळवलेली, दुसरी जरा खाली. दोघींचा प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध तोलून धरला. वारंवारता मध्यावर असेल तर तराजूचा काटा सरळ, वर सरकली तर एक पारडे जड आणि खाली सरकली तर दुसरे. काट्याची ही हालचाल म्हणजेच पुन्हा मूळ आवाज. वेटोळी, कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह यांच्या पलीकडे त्यात काही नव्हते. पण तोल साधण्यात वर्षे गेली.

२६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला पेटंटे मिळाली. त्याच सुमाराला कोलंबियाच्या फिलॉसॉफी हॉलच्या तळघरात त्याने सारनॉफला प्रयोग दाखवला. मागितली होती डबी आणि समोर आली दोन खोल्या भरून यंत्रे. तरी आरसीएने एम्पायर स्टेट इमारतीच्या ८५ व्या मजल्यावरची आपली प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली. जून १९३४ पासून तिथून लहरी सुटू लागल्या आणि लाँग आयलंडवर सत्तरेक मैलांवर स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. १९३५ मध्ये मात्र त्याला यंत्रे हलवायला सांगण्यात आले. कंपनीला ती जागा दूरचित्रवाणीसाठी हवी होती. शिवाय आरसीएचा सारा डोलारा एएमवर उभा होता. नवी पद्धत आली असती तर प्रत्येक प्रक्षेपक आणि प्रत्येक संच बदलावा लागला असता. सारनॉफला कळले नव्हते असे नाही, त्याला अगदी नीट कळले होते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने आपला निबंध वाचला आणि मग याँकर्समधल्या मित्राच्या घरून आलेले प्रक्षेपण सुरू केले. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, कागद फाडल्याचा आवाज आला. मधल्या शांततेत काहीच ऐकू येत नव्हते. रेडिओ चालू असताना इतकी शांतता त्या सभेतल्या कोणी आजवर ऐकली नव्हती.

कंपनी पाठीशी नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्या खिशातून तीन लाखांवर डॉलर घालून हडसनपलीकडे अल्पाइन येथे ४२५ फूट उंचीचा मनोरा उभारला. १९३९ मध्ये हे केंद्र पूर्ण शक्तीने सुरू झाले. दुसऱ्या कंपन्या परवाने घेऊ लागल्या. सरकारने ४२ ते ५० मेगासायकलचा पट्टा दिला आणि १ जानेवारी १९४१ पासून व्यापारी केंद्रांना मुभा मिळाली. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले, पण प्रत्येक संचामागे स्वामित्वशुल्क द्यायला ती तयार नव्हती. इतर कंपन्या ते देत होत्या. आरसीएला वेगळा न्याय लावणे आर्मस्ट्राँगला अन्यायाचे वाटले आणि त्याने नकार दिला. महायुद्ध सुरू होताच सैन्याला मात्र त्याने आपली पेटंटे विनामूल्य वापरू दिली.

युद्ध संपता संपता घाव बसला. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएम जुन्या पट्ट्यातून उचलून ८८ ते १०८ मेगासायकलवर नेले. सूर्यावरच्या डागांमुळे जुन्या पट्ट्यात अडथळे येतील, असे कारण देण्यात आले. बहुतेक अभियंत्यांना ते मान्य नव्हते. एका हुकमाने लोकांच्या घरातले लाखो संच आणि पन्नासेक केंद्रांची यंत्रे निकामी झाली. इकडे दूरचित्रवाणीचा आवाज एफएमनेच जात होता आणि आरसीएचे संच धडाक्याने खपत होते. कंपनीने रेशो डिटेक्टर नावाचे वेगळे सर्किट बसवले आणि ते आर्मस्ट्राँगच्या पेटंटांबाहेरचे आहे, अशी भूमिका घेतली. त्याच्या हाती एक पैसा पडला नाही.

जुलै १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांनी त्याला जवळजवळ वर्षभर उलटतपासणीत बसवून ठेवले. सारनॉफने शपथेवर सांगितले की एफएमचा विकास सर्वांत अधिक आमच्या कंपनीने केला आहे. बेलमारच्या त्या रात्रीचा हा मित्र. १९५० च्या डिसेंबरमध्ये पेटंटांची मुदत संपली. पैसा आटत गेला. दिवसरात्र कागदपत्रांचे ढीग आणि वकिलांचे फोन, एवढेच घर उरले. उंचीकडे दुर्लक्ष करून नेमका बदल टिपणारे सर्किट ज्याने रचले, त्याला स्वतःच्या मनातली खरखर पुसता आली नाही. कुणाचा शोध हे मोजून सिद्ध होते, ही त्याची श्रद्धा होती. कचेरीतला तराजू वेगळा असतो आणि त्याला वेळ आणि पैसा हीच वजने लागतात, हे त्याने एकदा अनुभवले होते, पण मान्य केले नव्हते.

मॅरियनला हे मिटावे असे वाटत होते. १९५३ च्या नोव्हेंबरात सणाच्या दिवशी याच गोष्टीवरून भांडण झाले. त्याने हातातला शेगडीचा गज उगारला आणि तो तिच्या दंडाला लागला. तीस वर्षांच्या संसारानंतर ती बहिणीकडे निघून गेली. दोन महिने तो एकटा राहिला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री तिला दुखावल्याचे दुःख सांगणारे पत्र त्याने लिहिले, अंगावर ओव्हरकोट चढवला, हातमोजे घातले, आणि आपल्या तेराव्या मजल्यावरच्या घरात आयुष्य संपवले. वय ६३. आकृतीवर नोटरीची सही घेतली होती, तो दिवसही ३१ जानेवारीच होता.

लढाई मॅरियनने पुढे नेली. त्याच वर्षाअखेर आरसीएने दहा लाख डॉलरांहून थोडी अधिक रक्कम देऊन तडजोड केली. चौदा वर्षांपूर्वी नाकारलेली रक्कम जवळपास एवढीच होती. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करून लढली. शेवटचा दावा मोटोरोलाविरुद्ध होता. १९६७ मध्ये तोही तिने जिंकला. कोर्टाची जी पायरी चढताना नवरा मोडून पडला, ती त्याच्या मागे राहिलेल्या बाईने तेरा वर्षे शांतपणे चढून दाखवली. त्या वेळेपर्यंत एफएमवर स्टिरिओ संगीत आले होते, आणि १९७० चे दशक सरता सरता अमेरिकेत एफएमचे श्रोते एएमपेक्षा अधिक झाले.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. सप्टेंबर २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले तेव्हा त्याच्या माथ्यावरचे प्रक्षेपकही गेले. न्यूयॉर्कच्या काही दूरचित्रवाणी केंद्रांना तातडीने दुसरी जागा हवी होती. ती त्यांना अल्पाइनच्या मनोऱ्यावर मिळाली. त्यांत एनबीसीचे केंद्र होते. ही एनबीसी एके काळी सारनॉफच्या आरसीएचीच कंपनी होती.